म्हाताऱ्या मशीनचे पाणी

देवावर चिडायला काहीतरी मोठे कारण लागते, असे मला वाटत असे. माझे कारण सोळा वर्षे वापरलेले वॉशिंग मशीन होते. ईदच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी, मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये मी पाटावर बसलो होतो. मशीनचा पत्रा काढलेला, पायाशी साबणाचे गार पाणी, हातात पान्हा. तेव्हा दत्तमहाराजांना मी मनात नव्हे, चक्क तोंडाने म्हणालो, "रोज अकरा माळा करतो तुमच्या. तुम्हाला एवढा एक पंप चालवता येत नाही?"

आई चार महिन्यांपूर्वी आमच्याकडे मस्कतला आली. गावी ओटीवरून पडून तिचे खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशननंतर ती भिंत धरून चालू लागली, पण लघवीवरचा ताबा गेला तो गेलाच. चादरी, दुपटी, गाऊन यांचा ढीग रोजचा झाला. पूर्वी आमचे मशीन आठवड्याला चार वेळा लागे, आता अकरा वेळा. हा आकडा मला माहीत आहे, कारण मी नोंद ठेवतो. गाडीचे पेट्रोल, गॅसचे सिलिंडर, एसीच्या जाळ्या कधी धुतल्या, सगळ्याची. धुण्याचा कागद फ्रिजवर लावलेला असे. त्या फ्रिजच्या समोरच आईची खुर्ची होती. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

आमच्या गावी वैशाखात विहीर तळाला जाते. धुण्याचे पाणी आम्ही माडाच्या बुंध्याशी सोडत असू, ते गटारात जाताना पाहणे मला आजही सोसत नाही. अकरा धुण्यांचे पाणी असे वाया जाते म्हणून मी एक निळे पिंप आणले, त्याला खाली नळ बसवला, नळाखाली बादली मावावी म्हणून पिंप लोखंडी स्टँडवर चढवले आणि मशीनचा पाणी सोडायचा पाइप वरून पिंपात सोडला. त्या पाण्याने बाल्कनी धुवायची, गाडी धुवायची. पहिले दहा-बारा दिवस सगळे सुरळीत चालले. आवाज थोडा कण्हल्यासारखा येई, पण सोळा वर्षांच्या मशीनने थोडे कण्हावेच, असे मला वाटले. मग एक दिवस पाणी आतच राहिले. पंप घूंऽऽ करी, लाल दिवा लागे, आणि चादरी त्या गढूळ पाण्यात तरंगत.

"अहो, नवीन घ्या," बायको म्हणाली. "मशीन आहे ते, देव्हारा नाही."

"मोटर उत्तम आहे, बेअरिंग उत्तम आहे. एका भागासाठी अख्खं मशीन फेकायचं?"

"मग दुरुस्त करा. पण करा."

मी केले. म्हणजे करत राहिलो. पंपाची जाळी साफ केली. त्यात तीन हेअरपिना आणि शर्टाचे एक बटण निघाले. पंप सुटा करून बादलीत चालवून पाहिला, तर पाण्याची धार पार भिंतीवर उडाली. परत बसवला, की पुन्हा घूंऽऽ. मीटर लावून रेझिस्टन्स मोजला, व्होल्टेज मोजले, सगळे पुस्तकाप्रमाणे. सुटा असताना धावणारा पंप जागेवर बसवला की संपावर जातो, हे मला अपमानासारखे वाटू लागले. यात चार दिवस गेले आणि ईद आली. शेवटी हार मानून दुकानात फोन केला तर उत्तर मिळाले, नवे मशीन सुट्टी संपल्यावर घरी येईल, इन्शाल्ला. खालची लाँड्रीही बंद होती. बायको टबमध्ये चादरी तुडवत होती, आणि तिचे मनगट सुजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई पाणी पीत नाहीयेत. कालपासून बाटली तशीच आहे."

बाहेर चव्वेचाळीस अंश होते. डॉक्टरांनी आईला दिवसाला दीड लिटर पाणी पाजायला बजावले होते, एकदा मूत्रपिंडाचा त्रास होऊन गेला होता. मी बाटली पाहिली. दोन घोट कमी झाले असतील. आईचे ओठ पांढरे पडले होते आणि उठवून बसवले तर तिला गरगरले.

"पाणी का पीत नाहीस?"

"तहान नाही रे."

"आई, खरं सांग."

ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "अकरा वेळा होतं ना आठवड्याला. वाचलं मी. ते बिचारं मशीन माझ्यापायीच गेलं. आता हिचे हात जायचे."

यावर मुलाने काय करावे? पाय धरावेत. मी ओरडलो. "तुला कुणी हिशेब मागितला का?" असे काहीसे म्हणालो, ग्लास तिच्या तोंडाला लावला, तिने दोन घोट घेऊन ओठ मिटले. मग मशीनचे सर्किटचे कार्ड उपसले, टॉवेलात गुंडाळले आणि घराबाहेर पडलो. पंप चांगला असेल तर दोष कार्डाचाच, असा माझा हिशेब होता.

वर्कशॉपच्या गल्लीत एकूण एक शटर खाली होते. मी दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला एका बंद गॅरेजच्या सावलीत पिकअप उभी दिसली. मागचे फळकूट पाडून त्यावर एक वयस्क ओमानी गृहस्थ बसले होते. गॅरेजच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, तिचे पाणी बंद करायला ते आले होते.

"क्या ढूँढता है, सदीक? आज सब खलास."

सदीक म्हणजे मित्र. मी टॉवेल उघडून कार्ड दाखवले. त्यांनी त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. थर्मासमधून कहवा ओतला, खजुराचा डबा पुढे केला. "पहले बैठो. ईद है."

मला बसायचे नव्हते. पण ईदच्या दिवशी पुढे केलेला पेला नाकारायचा नसतो, एवढे मस्कतमधल्या बावीस वर्षांत शिकलो आहे. बसलो आणि सगळे भडाभडा सांगितले: ओहम, व्होल्ट, मिनिटे, आठवड्याची धुणी, आईचे दोन घोट. ते ऐकत होते, मध्येच हसले. "तुम बहुत गिनता है, बाबा." मग विचारले, "पानी का पाइप किधर जाता है? ऊपर, नीचे?"

"ऊपर. ड्रम में."

"कितना ऊपर?"

मी छातीपाशी हात धरला. धरल्याक्षणी माझा चेहरा बदलला असावा, कारण ते पुन्हा हसले. बरका गावी त्यांची खजुराची बाग होती, विहिरीवर जुना पंप होता. "पंप बूढ़ा हो जाए तो पानी ऊपर नहीं चढ़ाता. ज़बरदस्ती मत करो. नीचे जाने दो. और अम्मा को पानी दो."

घरी येऊन कार्ड जागेवर बसवले आणि स्टँडसकट पिंपाची उंची मोजली: एकशे बत्तीस सेंटिमीटर. मशीनचे पुस्तक मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आहे. त्यात लिहिले होते, पाइपाचे तोंड एक मीटरपेक्षा उंच नसावे. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. रेघ माझीच होती.

पाइप पिंपातून काढून जमिनीवरच्या मोरीत सोडला, बटण दाबले, आणि आत अडलेले पाणी भसाभसा वाहून गेले. मी ते गटारात जाताना पाहिले, आणि या वेळी सोसले.

मग आईकडे गेलो. फ्रिजवरचा कागद आधीच काढला होता. तिच्या पलंगाच्या कडेला बसून म्हणालो, "आई, मशीन मी बिघडवलं होतं. तू नाहीस. पाइप उंच टांगला होता." तिला पाइपाचे काही कळले नाही. माझ्या चेहऱ्याचे मात्र कळले असावे. तिने ग्लास स्वतःच्या हाताने घेतला आणि सावकाश, मध्ये न थांबता संपवला.

सुट्टी संपल्यावर मी करंज्या घेऊन त्या गॅरेजात गेलो. मनात कुठेतरी वाटत होते, की तिथे असे कुणी नाहीच, असे ऐकायला मिळेल. दत्तमहाराजांबद्दल अशा गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण ते गृहस्थ तिथेच होते, एका टायरवाल्याशी तावातावाने भांडत होते. त्यांना मशीन आठवले नाही, करंज्या आवडल्या. मला याचे वाईट वाटले नाही. महाराजांना यायचे असेल तर ते कसे येतील, हे ठरवणारा मी कोण? मी पंपासाठी हाक मारली होती. ज्याची खरी गरज होती ते मला मागताही आले नव्हते, आणि तेच मिळाले. त्यासाठी मी आयुष्यभर ऋणी आहे.

मशीन अजून खडखडते. परवा त्याचे रबर फाटले आणि मी पुन्हा पाटावर बसून वैतागलो. स्वभाव एवढ्यात जाणार नाही. पण आता सकाळी, घरात पाहुणे असले तरी, आई आतून खणखणीत हाक मारते, "अरे, चादर भिजली माझी, बदलायला ये!" त्या आवाजात संकोच नसतो. मी हातातली माळ खाली ठेवतो आणि ओ देतो.