ओले टॉवेल

ओल्या टॉवेलाला धुळीचा वास लागला की मला चार वर्षांपूर्वीची ती दुपार आठवते. मुलगा इथे कुवेतला तेल कंपनीत इंजिनियर, मंगफ नावाच्या वस्तीत आमचा फ्लॅट. त्या दिवशी धुळीचं वादळ उठलं म्हणून सगळे घरात होतो आणि तो खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबत होता. नात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचत बसली होती. लिहिणारी कुणी अमेरिकेतली बाई, म्हणे ढीगभर पुस्तकं लिहिलीत, सगळी खुनाची नाहीतर घराघरांत दडवलेल्या गोष्टींची. मी चौथी शिकलेली, म्हणून म्हटलं, "मराठीत सांग." ती अडखळत सांगू लागली, "आज्जी, हिचा हजबंड हिला मारतो, मग ही खूप स्क्रीम करते." "खोटं लिहिलंय," मी म्हणाले. "ओरडत नाही कोणी. तोंडात पदर कोंबायचा, नाहीतर शेजारी ऐकतात." "तुला काय माहीत?" तिने विचारलं. तिचे आजोबा देवमाणूस होते, असंच आम्ही तिला सांगत आलो होतो. तेवढ्यात मुलगा पाठमोराच म्हणाला, "शेजारी नाही ऐकायचे, आई. खिडकी मी लावायचो." मी तर इतकी वर्षं समजत होते की तो झोपलेला असायचा. नात कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे बघत राहिली. त्याने टॉवेल नीट बसवला आणि चहा टाकायला गेला. आजही धूळ उठलीय, तो टॉवेल भिजवतोय. लहानपणी तो खिडकी माझ्यासाठी लावायचा की बापासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.