थुंकलेला घोट

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, विहारातल्या माणसांना तर नाहीच. बायको असती तर तिला सांगितलं असतं का? — नसतंच सांगितलं. तिला मी आणखीच घाबरलो असतो.

दोन हजार दहा-अकराची गोष्ट. बायको जाऊन वर्ष झालं होतं. अर्जुनी मोरगावच्या घरात मी एकटा, मुलगा नाशिकला नोकरीला. त्याच्याकडे गेलो, तर त्यानं एका द्राक्षमळ्यावरच्या वाइन चाखायच्या वर्गात आमची दोघांची नावं घालून ठेवलेली. दोन दिवसांचा, अगदी नवशिक्यांचा वर्ग. मी म्हटलं, अरे, आपण पंचशील घेणारी माणसं, पाचवं शीलच नशा न करण्याचं. तर म्हणाला, प्यायची नसतेच बाबा, तोंडात घोळवून थुंकायची असते. खरं सांगू? दोन दिवस मुलगा शेजारी बसणार — मला तेवढंच पुरेसं होतं.

तिथे शिकवलं ते असं — ग्लास दांडीला धरायचा, फिरवायचा, नाक आत घालून हुंगायचं, मग घोट जिभेवर घोळवून बादलीत थुंकायचा. कशासोबत काय खायचं, तेही. पांढऱ्या वाइनसोबत तुमच्याकडचं काय जाईल, असं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तर मी म्हटलं, आमच्या तलावातली मासळी, तळलेली. बाई म्हणाल्या, काकांचं नाक पक्कं आहे. मुलानं माझ्या पाठीवर थाप मारली. केवढा फुगलो होतो मी!

गावी परतलो ते हेच नाक घेऊन. रिकाम्या घरात दुसरं करायला होतं काय? तांदूळ हुंगायचो, चहा हुंगायचो, पावसाळी लाकूड हुंगायचो. एकट्या माणसाला कशाचाही नाद लागतो.

आता हिरामण भाऊ. गवंडीकाम करणारा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आमच्या विहारात वीसेक वर्षं वंदना तोच म्हणायचा — तो पुढे, आम्ही मागून. बायको गेली तेव्हा महिनाभर रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसणारा माणूस हाच. बोलायचा नाही फार. नुसता बसायचा. आणि तरीही — मला त्याचा हेवा वाटायचा. त्याच्याभोवती सदा माणसं, नातवंडं, येणं-जाणं. माझ्याकडे कोण यायचं?

एका रविवारी वंदनेआधी तो माझ्या शेजारी येऊन बसला, आणि मला वास आला. मोहाच्या दारूचा. इतका पुसट की दुसऱ्या कोणाला आलाच नसता. मला काय वाटलं असेल? दुःख नाही झालं हो. आनंद झाला. माझ्या नाकानं पकडलं, याचा आनंद. गप्प बसता आलं असतं — पण मी उठलो आणि विहाराच्या मंडळाच्या अध्यक्षांच्या कानाशी लागलो.

वंदना खोळंबली. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं. तो घाबरला नाही. गालावर हात ठेवून म्हणाला, "दाढ ठणकून राहिली होती. मोहाची घोटभर तोंडात धरली अन् थुंकली. गिळली नाही." मग माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूनं बोलेन. वाटणारच ना?

घेतलेला घोट माणूस थुंकू शकतो, हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि माझं तर — नाशिकच्या त्या वर्गात दुसऱ्या दिवशी, शेवटच्या ग्लासातला घोट मी थुंकलाही नव्हता. मुलगा खुशीत होता, मीही होतो, गिळून टाकला. नाकानं कांदे सोलणारा म्हणतात ना, तो मीच.

मी म्हणालो, "तोंडात घेतलेली कोणी थुंकते का गा?"

लोक हसले. हिरामण भाऊनं वंदनेचं पुस्तक मिटलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि चपला घालून निघून गेला. पुढच्या आठवड्यात गोंदियाला जाऊन त्यानं दाढ काढून घेतली. सुजलेला गाल मी बसस्टँडवर पाहिला. तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोललो. मंडळानं त्याची वंदना बंद केली, आणि तेव्हापासून मीच म्हणतो. दर वेळी लाज वाटते, आणि दर वेळी म्हणतो.

मागच्या पौर्णिमेला विहाराकडे जाताना त्याच्या घरातून आवाज आला. दार उघडं होतं. भिंतीकडे तोंड करून तो एकटाच वंदना म्हणत होता. आवाज थकलाय, पण चुकत नाही. मी कुंपणाला धरून उभा राहिलो. चौथं शील झालं — खोटं न बोलण्याचं. पाचव्याआधी त्यानं श्वास घेतला, आणि मी तिथून निघालो. विहारात लोक माझी वाट पाहत होते.