कचेरीपर्यंतची सोबत

वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. परतवाड्याच्या बाजारातून भाजी विकून येताना वाटमाऱ्यांनी माझ्या मालकांचा जीव घेतला. मी बैलबंडीत मागे बसले होते. तिघांपैकी एकाचा चेहरा मी नीट पाहिला आणि पोलिसांना सांगितला. तो पकडला गेला; बाकीचे मोकळेच राहिले.

अशा विधवेला मदत द्यावी असा कायदा तेव्हा नव्हता. तरी तहसीलदारांनी वर लिहिलं आणि कलेक्टरसाहेबांनी खास बाब म्हणून मदत मंजूर केली. ती घ्यायला अमरावतीला जायचं होतं. गावात हे कळलं आणि एका संध्याकाळी एक अनोळखी माणूस मळ्याच्या धुऱ्यावर, बांधापाशी, येऊन उभा राहिला. "सरकारचा पैसा घेशीन, तं कोर्टात बोला लागन. पोरीचा इचार कर," एवढंच हळू बोलून तो गेला. त्यानंतर वाऱ्यानं कवाड वाजलं तरी मी पोरीला छातीशी धरायची. मदत नकोच, असं वाटे. पण घरात दाणा नव्हता. देवावरचा विश्वासही डळमळला होता. ज्यानं माझं कुंकू राखलं नाही, तो पोरीला काय राखणार?

पोरीला जावेकडे ठेवून मी मोटारीनं एकटीच अमरावतीला गेले. उतरले, तर तोच माणूस पानठेल्यापाशी उभा. मी चालले की तोही चाले. कशीबशी अंबादेवीच्या देवळात शिरले आणि खांबाला टेकून बसले. काय मागावं ते सुचेना. सगळं तिच्यावर टाकलं आणि डोळे मिटले.

शेजारी एक म्हातारी बसली होती. "काहून कापून राहिली वं माय? कोन्या गावची?" तिनं विचारलं. मी गाव सांगितलं, मालकांचं सांगितलं, बाहेरच्या माणसाचंही सांगितलं. तिनं एकदा देवीकडे पाहिलं. मग उठली. "चाल. कचेरीपर्यंत मी येतो."

दारात तो माणूस होताच. म्हातारीनं माझा हात धरला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्यानं मान खाली घातली, बाजूला झाला. माझं काम होईतो ती कचेरीबाहेर बसून राहिली, मग तिनं मला मोटारीत बसवून दिलं. नाव विचारलं तर म्हणाली, "काय करतं नावाले?"

पुढे खटला उभा राहिला. मी साक्षीला उभी राहिले आणि समोरच्या बाकावर तीच म्हातारी दिसली. आरोपी तिच्याकडे पाहून "माय" म्हणाला. तेव्हा मला कळलं, ती त्याची आई. तिनं पदर तोंडावर ओढला, पण उठून गेली नाही. मग मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. त्याला शिक्षा झाली.

सरकारच्या मदतीनं मळा पुन्हा उभा राहिला, पोर मोठी झाली. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण देवळात माझं गाव ऐकल्यावर त्या बाईच्या मनात काय झालं असेल, ते देवीलाच ठाऊक. राखणारा कोणाच्या हातानं राखेल, हे आपण ठरवू नये. नवरात्रात दिवा लावते तेव्हा मी आधी तिच्यासाठी हात जोडते, मग पोरीसाठी.