दौलतमामाची गिटार, मामीचं दार

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आदिलाबादच्या एका छापखान्यात उभी होते. आमच्या गावची बस बंद केल्याच्या निषेधाचं पत्रक छापून घेत होते. फोनवर मिलिंद होता, मामाचा मुलगा. "सुजाता, बाबा गेले," एवढंच बोलला. मागं छपाईचं यंत्र आपलं खटखटत राहिलं. ज्या बसच्या निषेधाचं पत्रक हातात होतं ती बस नसल्यामुळंच मला बाजारहत्नूरकडं आमच्या गावी ऑटो, मग टमटम, मग एका ओळखीच्याची मोटरसायकल असं करत पोचावं लागलं. मामी भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला गळ्याशी धरलं, पोटभर रडली, पदरानं नाक पुसलं आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "गेला वं माणूस... आता माह्या दाराचं काय?"

ते दार म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय दौलतमामा सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले. शिवाय पेपरवाल्यांचा रागही आहे. त्यांनी छापलं, "सेवानिवृत्त शिक्षक दौलत मास्तर यांचे निधन. ते मनमिळाऊ स्वभावाचे होते." बस्स! मनमिळाऊ? त्याच्या गिटारला बँजो म्हणणाऱ्या माणसाशी मामा वर्षानुवर्षं बोलत नसे. नेरडीगोंड्यापासून उटनूरपर्यंत आणि पैनगंगा ओलांडून पलीकडच्या गावांतही ज्याच्या नावाआधी बॅनरवर 'रॉकस्टार' रंगवलेलं असे, त्याच्या बातमीत गिटारचा साधा उल्लेख नाही. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या पोरानं दोन तारा छेडल्या असत्या तर अर्धं पान दिलं असतं तुम्ही. आमच्या मास्तरला मनमिळाऊ.

तर, दार. मामीचं लग्न झालं तेव्हा मामाच्या घराला पत्र्याचं दार होतं. वारा आला की ते बोंबलायचं. मामीनं दोन हंगाम कापूस वेचला, मजुरी साठवली आणि जंगल खात्याच्या डेपोतून रीतसर सागाच्या फळ्या आणून गावच्या सुताराकडून दार करून घेतलं. एकाच पल्ल्याचं, जाड, आमच्या सगळ्या वस्तीत पहिलं सागाचं दार. बाया बघायला यायच्या. मामी तेल लावायची त्याला, लेकराला लावावं तसं. पावती तिच्याच नावाची होती. मग ती बाळंतपणाला माहेरी गेली, आणि मागं मामाच्या हातात एक कॅसेट पडली.

कॅसेट परदेशी गाण्यांची होती. तिच्या झाकणावर एक केसाळ गोरा, गळ्यात गिटार. गाणी मामाला पहिल्या दिवशी कळली नाहीत, पण ती गिटार कळली. आमच्या गायन पार्टीत तेव्हा ढोलकी, हार्मोनियम आणि झांजा. जयंतीच्या मिरवणुकीत आमचा आवाज गल्लीच्या पलीकडं जात नसे. पलीकडच्या गल्लीचा डीजे मात्र आमच्या छातीत वाजायचा. मामानं ठरवलं, आपल्याकडंही करंटवाली गिटार पायजे. विकत घ्यायला पैसे नव्हते, आणि अशा गिटारला लाकूड जाड, वाळलेलं, मुरलेलं लागतं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. घरात तसं लाकूड एकच होतं... मामानं झाकणावरचं चित्र शाळेच्या फळ्यावर खडूनं मोठं केलं, मग दारावर उतरवलं आणि त्याच सुताराला बोलावलं. सुतार बिचारा म्हणाला, "मास्तर, बाई मारंल." मामा म्हणाला, "मले मारंल. तू काप."

दाराच्या मधोमध गिटारच्या अंगाचा आकार कापून निघाला. मागं लावायच्या अडसराचा गळा झाला आणि तो वरून ठोकला. कोयंडा नेमका कापलेल्या भागात आला होता, तो काढलाच नाही, त्यात पट्टा अडकवायची सोय झाली. पट्टा बैलाच्या गळ्यातला. घुंगरू काढायचं राहून गेलं, म्हणून मामाच्या गिटारला पुढं कायम एक बारीक किणकिण असायची. नेरडीगोंड्याच्या मोटर वाइंडिंगवाल्यानं तांब्याची तार आणि फुटक्या भोंग्यातलं लोहचुंबक घालून करंटचं बघून दिलं. पहिल्या तारा सायकलच्या ब्रेकच्या, आणि बरीच वर्षं त्या पाचच होत्या, कारण झाकणावरच्या गोऱ्याच्या अंगठ्यानं सहावी झाकली होती.

मामी तान्ह्या मिलिंदला घेऊन परत आली. दार लावलेलं होतं, आणि लावलेल्या दारातून तिला आतली चूल दिसली. ती उंबऱ्यावरच थांबली. मामा आतून म्हणाला, "पाय बरं, घरात केवढा उजेड झाला!"

तेव्हापासून मामी गिटारला गिटार म्हणाली नाही. "तुमी आज माहं दार घेऊन कुठं चाल्ले?" असंच विचारायची. भोकाला तिनं पोतं शिवलं. त्यातून मांजर ये-जा करायची, थंडीत वारा यायचा, आणि दर वाऱ्यागणिक मामाचा उद्धार व्हायचा. पण संध्याकाळी शाळेतून आल्यावर मामा उंबऱ्यावर बसून तारा लावायला लागला की मामी चुलीपुढून, मान वर न करता, ओरडायची, "उतरली!" मामा खुंटी पिळायचा. "अजून!" मामा पिळायचा. मग आतून काहीच आलं नाही म्हणजे सूर लागला. तारीफ म्हणून तिनं त्याला आयुष्यात एवढीच दिली, गप्प बसणं.

मी कॉलेज सोडून चळवळीत पडले त्या साली जप्ती झाली. जयंतीचा कार्यक्रम उटनूरला होता. मामा ऑटोत गिटार मांडीवर घेऊन बसलेला, मी शेजारी. रस्त्यावरच्या जंगल खात्याच्या नाक्यावर साहेबांनी ऑटो थांबवला. तरुण, तेलुगू बोलणारा, नवा आलेला.

"इदेंटि? ये क्या है?"

"गिटार है साब. बाजा."

साहेबांनी गिटार उलटी केली, नखानं खरवडली, वास घेतला. "बाजा होगा. लेकिन टेकू है. परमिट?"

टेकू म्हणजे साग. आमच्याकडं पोरगं चालायला शिकण्याआधी सागाची भीती शिकतं. परमिट नव्हतं. गिटार जप्त झाली आणि नाक्यामागच्या खोलीत चोरीच्या ओंडक्यांवर जाऊन पडली. त्या रात्री उटनूरच्या स्टेजवर मामा हार्मोनियम वाजवायला बसला आणि पब्लिक "गिटार, गिटार" ओरडत राहिलं. परतताना तो माझ्यापुढं चालत होता. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली गेलेला होता त्याचा, इतक्या वर्षांच्या वजनानं. वजन नसलं तरी तो तसाच वाकडा चालत होता.

मी पत्रक काढलं. काढणारच. 'गिटार मुक्त करा! जंगल आमचं, साग आमचा!' असा मथळा दिला. नाक्यापुढं धरणं धरलं, आम्ही सात जण आणि एक शेळी. साहेबांनी पत्रक मागून घेतलं, कुणाकडून तरी वाचून घेतलं, आणि शांतपणे फाईलला लावलं. म्हणाले, "आपने खुद लिखा है मॅडम. जंगल का साग." माझं ते घोषवाक्य सिद्धांत म्हणून बरोबर होतं आणि आजही आहे. पण मामा त्या दिवसापासून मला नावानं हाक मारेनासा झाला. "काय पत्रक, आज कोणाले अडकवून आली?" असं सुरू झालं, ते शेवटपर्यंत.

मामीनं पेटी उघडली आणि डेपोची पावती काढली. ती तिनं मामाविरुद्धचा पुरावा म्हणून जपली होती, कधी पंचायत बसलीच तर म्हणून. आम्ही ती नाक्यावर नेली. साहेबांनी वाचली. "ये तो दरवाजे की है. मेरे पास गिटार है."

"साब, गिटारच दरवाजा हाय," मामा म्हणाला.

"तो दरवाजा दिखाओ."

आणि साहेब आले. जीपमधून, पंच घेऊन, गिटार घेऊन. वस्ती गोळा झाली. मामीनं पोत्याची शिवण उसवली. साहेबांनी दार लोटून लावलं आणि भोकाकडं नुसते बघत उभे राहिले. मग स्वतः गिटार उचलली, वजनानं जरा झुकले, आणि भोकात बसवली. खांदे बसले, कंबर बसली, चौकटीच्या कडीसमोर कोयंडा आला. साहेबांनी कडी टाकली. कडी बसली!

"तलुपे!" साहेब ओरडले, "इदि तलुपे!" तेलुगूत तलुपु म्हणजे दार. इतका आनंद मी सरकारी माणसाच्या तोंडावर पुन्हा कधी पाहिला नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं, सागवानी दार, एक पल्ला, तारा लावलेलं, वाजतं.

पण मग त्यांनी पावतीवरचं नाव वाचलं. माल मालकाच्या ताब्यात द्यावा लागतो, आणि मालक मामी. मामा पुढं केलेला हात तसाच धरून उभा. मी, जी प्रत्येक पत्रकात बायकांच्या नावावर मालमत्ता करा म्हणून लिहीत होते, ती मी पहिल्यांदा तशी मालमत्ता डोळ्यांनी बघत होते... आणि मनातल्या मनात मामीला म्हणत होते, दे वं माय, दे त्याला.

मामीनं दाराला हात लावून बघितला. बंद दार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फटीतून आतला अंधार अंधारासारखा दिसत होता. ती मामाकडं न बघता साहेबांना म्हणाली, "त्याले सांगा, जिता हाय तोवर वाजव म्हणा. मंग माहं दार मले पायजे." माझ्याकडं बोट केलं. "ही साक्षीदार."

मामा "हो" म्हणाला. साहेबांना मराठी कळली नाही, तरी त्यांनी मान हलवली.

त्यानंतर मामा अंगात बळ होतं तोवर वाजवत राहिला. शेवटच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले तर तो उंबऱ्यावर, गिटार मांडीवर नाही, शेजारी उभी करून ठेवलेली. हात हाडांचे झाले होते. म्हणाला, "पत्रक, हे दार आता मले उचलवत नाही." दार म्हणाला तो. जन्मभर ज्या शब्दावरून घरात रोज भांडण झालं, तो शब्द त्यानं स्वतःहून वापरला... मी काहीतरी विनोद करायला गेले, जमला नाही.

आणि मी काय केलं? दिवसकार्य झालं तशी युवक मंडळाची बैठक घेतली. ठराव झाला की रॉकस्टार दौलत यांची ऐतिहासिक गिटार समाजभवनात काचेच्या पेटीत ठेवावी. पत्रक छापलं, चांगलं जाड कागदावर. 'गिटार समाजाची आहे!' गठ्ठा घेऊन मामीकडं गेले, चळवळीची भाषा वापरली, वारसा म्हटलं, पुढची पिढी म्हटलं.

मामी ज्वारी निवडत होती. मिलिंद शेजारी बसलेला. मामीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू साक्षीदार होती ना वं?"

"होते मामी, पण..."

"पावती कोणाच्या नावानं हाय?"

"तुझ्या."

"मंग? तुह्या कागदावर बायकांच्या नावानं करा म्हणून लिहिते, आन् एका बाईच्या नावानं झालं तर काचेत टाकतो म्हणते. काऊन? मी थंडीत मरू काय? तिकडं काचेत त्याले कोण वाजवून राह्यलं?"

मंडळाची पोरं बाहेर उभी होती, त्यांना काय सांगू म्हणून मी चुळबुळत राहिले. तेवढ्यात मामी उठली, गिटार फरफटत आणली, आणि मिलिंदला म्हणाली, "धर." दोघांनी मिळून ती भोकात बसवली. पण आता बसेना नीट, डुगडुगायला लागली. साहेबांच्या वेळी कडीच्या आधारानं राहिली होती, आणि मधल्या वर्षांत कडा झिजल्या होत्या. मामीनं इकडंतिकडं बघितलं. माझा गठ्ठा उचलला, एकेका पत्रकाची घडी करून फटीत ठोकत गेली. "कागद चांगला हाय," म्हणाली, "जाड." गिटार पक्की बसली. समाजासाठी मी आजवर इतकी पत्रकं काढली, त्यातल्या कुठल्याही पत्रकानं इतकं ठोस काम केलेलं मला आठवत नाही. मंडळातली पोरंही आत डोकावली आणि एकेक करून, ठराव न बदलताच, घरी गेली.

आता त्या घराला दार आहे. वारा येत नाही. मांजर काही दिवस बाहेर बसून शिव्या देत होती, मग तिनं खिडकी शोधली. कडी वाजवायची गरज नाही, आल्या माणसानं तारांवरून हात फिरवायचा. तारा बाहेरच्या बाजूला आहेत, करंट नसला तरी साग जाड आहे, आत ऐकू जातं. घुंगरूही किणकिणतं. टपालवाला वाजवतो, दूधवाला वाजवतो. बँजो म्हणणारे मात्र हाक मारतात, त्यांना मामीनं तशी ताकीदच दिली आहे.

परवा संध्याकाळी मी गेले आणि तारांवरून हात फिरवला. कडी निघाली नाही. आतून चुलीजवळून आवाज आला.

"उतरली!"

मला वाद्यातलं काही कळत नाही. तरी मी खालची खुंटी धरून पिळली, तार छेडली.

"अजून!"

पिळली. छेडली. उंबऱ्याशी वाकून, डावा खांदा खाली करून.

"अजून जरासं!"

पिळली... छेडली. आतून काहीच आलं नाही. बऱ्याच वेळानं कडी निघाली.