भावाला माती देताना

आई गेल्याचं भावानं मला उशिरा कळवलं. मी लातूरहून उदगीरला पोचले, तोवर तिला माती दिली होती. त्या रागात मी अकरा वर्षं त्याच्याशी बोलले नाही.

गेल्या महिन्यात तो गेला. आम्हा लिंगायतांत मृताला बसवून पुरतात. कपाळभर विभूती लावून तो खड्ड्यात बसला होता, तोंड माझ्याकडे.

भावजय म्हणाली, “बोला की, आक्का. आता न्हाई उलटून बोलायचे ते.”

माझा राग तिथंच संपला, पण त्याला सांगायचं राहिलं. मी बेलाचं पान वाहिलं, मूठभर माती लोटली.

पोरांनो, तुम्ही दोघं वर्षभर अबोला धरून आहात, असं तुमची आई, माझी लेक, सांगते. हे वाचून झालं की एकमेकांना फोन करा.