कुसुमताईंचा राग

सर्पदंशाचा रोगी आला की कुसुमताई पुराणिक आधी एकच प्रश्न विचारत, "कितने बजे काटा?" नातेवाईक सापाचा रंग सांगत, लांबी सांगत, कुठल्या मांत्रिकाने झाडलं ते सांगत. ताई वेळ कळेपर्यंत तेच विचारत राहत आणि मग ती बॉलपेनने रोग्याच्या दंडावर लिहीत. कागद हरवतो, दंड हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी सांगलीहून बनारसच्या बँकेत बदली झाली. संकठा घाटाजवळ मी ताईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. त्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. तीन पिढ्या काशीत गेल्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या, आणि दवाखान्यात रागावल्या की पुऱ्या हिंदीत. दंशाच्या जागी ब्लेड मारणाऱ्यांवर राग, करकचून दोरी आवळणाऱ्यांवर राग. सापावर मात्र नाही. "तो पाय पडला म्हणून चावतो," त्या म्हणत. "पण आफ्रिका असो की आपलं इथलं चंदौली, अनवाणी कोण चालतं? शेणात हात कुणाला घालावा लागतो? कधी मोठा साहेब साप चावून मेल्याचं ऐकलंत?"

एका पावसाळ्यात सुमित्रा नावाच्या बाईला भर दुपारी आणलं. गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला आणि नाग चावला. मांत्रिकाकडे दोन तास गेले होते, पापण्या मिटत चालल्या होत्या. विषावरची इंजेक्शनं दवाखान्यातच होती, पण स्टोरच्या आलमारीत कुलपात, आणि स्टोरबाबू चाबी खिशात घालून सासुरवाडीला गेलेला. डॉक्टरांनी माणूस पिटाळला आणि ताईंना थांबायला सांगितलं. त्या थांबल्या. चाबी आली तेव्हा सुमित्रा गेलेली होती.

"मी नियमाने वागले, केळकर," ताई मला म्हणाल्या. "नियमाने उभी राहून तिचा श्वास थांबताना पाहिला."

दुसरी चाबी कॅज्युअल्टीत ठेवा, असा अर्ज त्यांनी दिला. तो फायलीत पडून राहिला.

पुढच्या वर्षी रामनगरकडच्या एका नावाड्याला आणलं. पुन्हा नाग, पुन्हा कुलूप, पुन्हा बाबू बाहेर. या वेळी ताईंनी सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि कुलूप तोडलं. इंजेक्शनं सुरू झाली, तरी नावाड्याचा श्वास मंदावला, तेव्हा त्या आणि डॉक्टर आळीपाळीने संध्याकाळपर्यंत श्वासाची पिशवी हाताने दाबत बसले. सहाव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. सातव्या दिवशी ताईंना नोटीस आली, सरकारी मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल.

उत्तराचा मसुदा मी लिहून दिला. कचेरीची भाषा माझ्या हातात बसलेली, म्हणून सहज लिहून गेलो की झाल्या प्रकाराचा खेद आहे. ताईंनी तो शब्द इतक्या जोरात खोडला की कागद फाटला.

"कुलपाची चौकशी बसली. सुमित्राची बसली का?"

मग नव्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या: ताला मैंने तोड़ा है. ज़रूरत पड़ी तो फिर तोड़ूँगी.

महिन्याभरात त्यांची बदली सोनभद्रच्या डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात झाली. बसस्टँडवर सोडायला मी एकटाच होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, नावाड्याचा जीव वाचला, त्यातच समाधान मानायचं.

"समाधान तुम्ही माना," त्या म्हणाल्या. "तुम्हाला राग येत नाही का हो?"

"येतो."

"मग इतक्या दिवसांत कुणाला दिसला कसा नाही?"

त्या बसमध्ये चढल्या.

त्याच आठवड्यात मी दवाखान्याच्या मुख्य अधिकाऱ्याला पत्र लिहिलं: सुमित्रा कशी मेली, याची चौकशी करा. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि पत्ता घातला. बनारस सोडेपर्यंत दर महिन्याला लिहीत राहिलो. एकाही पत्राचं उत्तर आलं नाही.