गेसेकेचं बोलणं

बहीण येणार म्हटल्यावर वोब्बेकेताईंना आनंद झालाच, पण त्याहून जास्त धास्ती वाटली. मला म्हणाल्या, "हिल्के, मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाळण्यात होती गं."

ताई लहान होत्या तेव्हाच वडिलांनी त्यांना आमच्या जोगिणींच्या मठात आणून सोडलं. धाकटी गेसेके पुढे माळापलीकडच्या मठात गेली. व्रत घेतल्यावर दाराबाहेर पाऊल नाही, त्यामुळे दोघींची भेट झाली ती फक्त पत्रांतून. मिठाची गाडी तिकडे निघाली की ताई पत्र तयार ठेवायच्या. आणि गेसेकेचं उत्तर आलं की लेखनाच्या खोलीत आम्हा सगळ्यांना वाचून दाखवायच्या. अर्धं लॅटिन, अर्धं घरचं बोलणं, मध्येच चेष्टा. एकदा तिने लिहिलं होतं, 'आमची स्वयंपाकीण वाटाण्याचं सूप करते की भिंतीला लावायचा चुना कालवते, देवालाच ठाऊक.' आम्ही हसून हसून लेखण्या खाली ठेवल्या. ताई कौतुकाने म्हणाल्या, "ही समोर असती तर तुम्हा कुणाला तोंड उघडू दिलं नसतं."

मग ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तिकडच्या मठाला आग लागली. छप्पर गेलं. आमच्या मठमातेने त्यांच्यातल्या काही जणींना आसरा दिला, त्यांत गेसेके होती.

गाडीतून एक ठेंगणी, जाडजूड बाई उतरली. ताईंनी तिचे हात हातात घेतले आणि लॅटिनमध्ये तयार करून ठेवलेलं स्वागत म्हटलं. गेसेके नुसती बघत राहिली. मान हलवली आणि आत गेली.

जेवताना तर आम्ही मौनच पाळतो. पण बोलायची मोकळीक असायची तेव्हाही ती गप्पच. ताई विचारायच्या, "आईचा चेहरा आठवतो का तुला?" ती मानेनेच हो म्हणायची. असे बरेच दिवस गेले. ताई खंगल्यासारख्या दिसू लागल्या. मला म्हणाल्या, "मी तिला आवडले नाही गं. कागदावरची मी बरी असेन."

एका सकाळी दोघी खिडकीशी बसून प्रार्थनेच्या पोथीची पानं आखत होत्या. मी शेजारीच रंग घोटत होते. गेसेकेची पट्टी निसटली आणि रेघ वाकडी गेली. ती काहीतरी सांगायला गेली. "त्... त्... ता..." शब्द पुढे सरकेना. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं.

मला तेव्हा कळलं. ताईंनाही कळलं.

मी तिचा शब्द पुरा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात ताईंनी माझ्या पायावर पाय दिला. पट्टी सरळ केली, हातावर हात ठेवून बसल्या, जणू त्यांना दिवसभर दुसरं काही कामच नव्हतं.

"...ताई," गेसेके शेवटी म्हणाली. "मला आ... आयुष्यभर वाटायचं, तू... तुला कळलं तर पत्रं थांबवशील."

"मूर्ख आहेस," ताई म्हणाल्या. "आणि मला वाटलं, तुला माझं तोंड आवडलं नाही."

"ते न... नाहीच आवडलं."

दोघी इतक्या हसल्या की मठमाता दारात येऊन उभ्या राहिल्या आणि न रागावताच परत गेल्या.

त्यानंतर गेसेके बोलू लागली. वेळ लागायचा, आम्ही थांबायला शिकलो. स्तोत्रं गाताना मात्र ती कधीच अडखळली नाही. ईस्टरच्या पहाटे तिचा आवाज ऐकून ताई गायचं विसरल्या आणि पलीकडच्या रांगेतून त्यांना दटावणी आली.

शरदात तिकडचं छप्पर बांधून झालं. गाडी दाराशी उभी होती. गेसेके चढून बसली, मग वाकून काही सांगायला लागली. शब्द अडकला. गाडीवान लगाम ओढत म्हणाला, "बाई, माळावर अंधार पडेल."

"पडू दे," ताई म्हणाल्या. "माझी बहीण बोलते आहे."

घोडे खुरांनी माती उकरत होते. आम्ही सगळ्या उभ्या होतो.

"शा... शाईत डिंक कमी घाल," गेसेके म्हणाली. "तुझ्या अक्षरांचे पो... पोपडे निघतात. मला ती पत्रं जप... जपून ठेवायची आहेत."

ताईंनी हो म्हटलं, आणि तिचा हात सोडायला त्यांना बराच वेळ लागला.